बोटं पांढरी का पडतात? ब्रेकर, ग्राइंडर आणि हातांचा हिशेब

२०२७ चा सिंहस्थ तोंडावर आलाय आणि नाशिकमध्ये सकाळी लवकरच ब्रेकरचा, म्हणजे रस्ता-दगड फोडायच्या मशीनचा, आवाज सुरू होतो. रस्ते फुटतायत, गटारी खोल होतायत, घाटांची कामं चालली आहेत. आवाजाचा आणि धुळीचा त्रास आपल्याला होतो, म्हणून आपण त्यावर बोलतो. ब्रेकर धरलेल्या पोराच्या हातात काय चाललंय ते बाहेरून दिसत नाही, म्हणून त्यावर कोणी बोलत नाही.

माझं सातपूरला पॉवर टूल दुरुस्तीचं दुकान आहे. आर्मेचर जळालं, कार्बन संपले, बेअरिंग वाजतंय, अशी मशीनं दिवसभर काउंटरवर येतात. मशीनबरोबर ते धरणारा हातही येतो आणि आता माझं लक्ष आधी हाताकडे जातं. याचं कारण गेल्या हिवाळ्यातली एक सकाळ. अंबडच्या एका फाउंड्रीत, म्हणजे धातू ओतून भाग बनवणाऱ्या कारखान्यात, फेटलिंग करणारे एक दादा ग्राइंडर न्यायला आले होते. ओतून काढलेल्या जॉबवर राहिलेली धातूची जादा कड घासून काढायची, त्याला फेटलिंग म्हणतात. दादांनी पैसे द्यायला खिशात हात घातला. नोट निघाली, नाणं काही निघेना. बोटांना ते सापडतच नव्हतं. शेवटी त्यांनी खिसा उलटा केला आणि नाणी काउंटरवर पडली. त्यांच्या मधल्या दोन बोटांची टोकं खडूसारखी पांढरी होती आणि पांढरं संपतं तिथं पेनानं रेघ मारावी तशी स्पष्ट कड होती.

"थंडीत होतं असं भाऊ. चहाचा ग्लास धरला की जातं," दादा म्हणाले.

निरोगी हाताला नुसत्या थंडीनं असं होत नाही. त्या दोन बोटांच्या टोकांना त्या क्षणी रक्तच पोचत नव्हतं.

हा आजार आहे आणि त्याला नाव आहे

डॉक्टर याला हँड-आर्म व्हायब्रेशन सिंड्रोम म्हणतात. थरथरणारं मशीन बराच काळ धरल्यामुळे हाताच्या रक्तवाहिन्या, नसा, स्नायू आणि सांधे यांना होणारी इजा, असा त्याचा अर्थ. मी पुढं त्याला कंपनबाधा म्हणेन. कंपवाताशी याचा संबंध नाही. कंपवातात हात स्वतःहून थरथरतो आणि त्याचं मूळ मेंदूत असतं. इथं हाताला मशीन थरथरवतं.

थंडीत बोटं पांढरी पडण्याचं वर्णन मोरिस रेनो या फ्रेंच डॉक्टरांनी १८६२ मध्ये केलं होतं. हवेच्या दाबावर चालणारी हत्यारं धरणाऱ्या कामगारांमध्ये हाच प्रकार १९११ मध्ये इटलीतल्या जिओव्हानी लोरिगा यांनी नोंदवला. मग १९१८ मध्ये डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या बेडफर्डला गेल्या. तिथं चुनखडीच्या दगडाचं काम चाले आणि दगड घडवणारे कारागीर हवेवर चालणारे हातोडे वापरत. थंडीच्या सकाळी त्यांची बोटं पांढरी आणि बधिर पडत. डावा हात छिन्नीला असायचा, म्हणून डाव्या हाताला त्रास जास्त. साठेक वर्षांनी संशोधक परत त्याच बेडफर्डला गेले, तेव्हा नव्या पिढीच्या हातांतही तोच आजार होता. सगळं माहीत असून कोणी काही बदललं नव्हतं.

हातात नेमकं काय घडतं?

ज्यांनी मिरवणुकीत नाशिक ढोल वाजवलाय त्यांना हे लगेच कळेल. तीन-चार तास वाजवल्यावर टिपरू खाली ठेवलं तरी तळहात झिणझिणत राहतो, पाण्याची बाटली धरली तर बोटं आपली वाटत नाहीत. दुसऱ्या दिवशी सगळं ठीक होतं, कारण ढोल वर्षातले मोजके दिवस वाजतो. हाच मारा रोज सहा तास, वर्षातले तीनशे दिवस बसला, तर हाताला सावरायला सवडच मिळत नाही.

बोटाच्या टोकाला रक्त नेणाऱ्या वाहिन्या अगदी बारीक असतात. द्राक्षबागेतल्या ठिबकच्या नळ्या डोळ्यांपुढे आणा. मोठ्या पाइपात पाणी भरपूर असलं तरी शेवटच्या वेलीला पाणी मिळणं हे त्या बारीक नळीवर ठरतं. बोटातल्या नळीभोवती स्नायूचा एक थर असतो. थंडी वाजली की तो आवळतो, म्हणजे शरीराची ऊब आत राहते. निरोगी माणसात तो थोडा आवळतो आणि सैल होतो. कंपनानं नळीचं आतलं अस्तर आणि तिला आदेश देणाऱ्या नसा दुखावल्या, की थोड्याशा थंडीनंही नळी पूर्ण बंद होते. बोट आधी पांढरं पडतं, मग निळसर होतं, आणि रक्त परत आलं की लालबुंद होऊन ठणकतं.

नसांचं नुकसान मात्र डोळ्यांना दिसत नाही. आधी काम संपल्यावर मुंग्या येतात. मग रात्री झोपेत हात बधिर होऊन जाग येते. पुढं बोटाला गरम-गार नीट कळत नाही, शर्टाचं बटण लागत नाही, वॉशर उचलता येत नाही, पकड सुटते. कोणाला हे काही महिन्यांत होतं, कोणाला बऱ्याच वर्षांनी. कंपन वेळेत थांबवलं तर रक्तवाहिन्या काही प्रमाणात सावरतात. नसांचं गेलेलं सहसा परत येत नाही. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण आपल्याकडे मुंग्यांना 'थकवा' म्हणतात आणि पांढऱ्या बोटाची वाट बघत बसतात. खरा इशारा मुंग्यांनीच दिलेला असतो.

सगळी मशीनं सारखी नाहीत

कंपन किती जोरात आहे ते 'मीटर प्रति सेकंद वर्ग' या एककात मोजतात. एककाचं नाव विसरलात तरी चालेल, आकडे लक्षात ठेवा. ब्रिटनच्या सुरक्षा खात्याच्या मार्गदर्शनात रस्ता फोडणाऱ्या ब्रेकरचा नेहमीचा आकडा १२ धरतात, खराब मशीनचा २० पर्यंत जातो. हॅमर ड्रिल ९ च्या आसपास. मोठा ग्राइंडर साधारण ४ ते ८. बांधावरचं गवत कापायचा ब्रश कटर याहून कमी, पण निफाड-दिंडोरीकडे माणूस तो सकाळपासून दुपारपर्यंत गळ्यात अडकवून चालतो, त्यामुळे त्यालाही सोडून चालत नाही.

नवीन मशीनच्या माहितीपुस्तिकेत आवाजाच्या आकड्याशेजारी कंपनाचाही आकडा सहसा छापलेला असतो. त्याच्याजवळ 'के' या अक्षरापुढे दुसरा एक छोटा आकडा असतो, तो मोजणीतली चूकभूल. दोन्हींची बेरीज करून धरा. तरीही हा प्रयोगशाळेतला आकडा झाला. साइटवर, बोथट छिन्नीनं, तो वाढतोच.

मिनिटांचा हिशेब

युरोपीय संघानं २००२ मध्ये निर्देश काढले आणि ब्रिटननं २००५ मध्ये नियम केले. त्यात आठ तासांच्या दिवसाला दोन रेषा आखल्या आहेत. सरासरी कंपन २.५ च्या वर गेलं तर मालकानं ते कमी करण्यासाठी उपाय करायलाच हवेत. ५ च्या वर तर जाऊच द्यायचं नाही.

आपण दिवसभर एकच मशीन एकसारखं धरत नाही, म्हणून तिथल्या सुरक्षा खात्यानं गुणांची सोपी पद्धत काढली. मशीनच्या आकड्याचा वर्ग करा आणि दुप्पट करा. ते मशीन तासभर चालवलं तर तुमच्या नावावर तेवढे गुण चढतात. दिवसाला १०० झाले की सावध व्हायचं, ४०० झाले की मशीन खाली ठेवायचं. हे गुण चांगले नव्हेत, दुकानातल्या उधारीसारखे आहेत.

ब्रेकर १२ चा असेल तर १२ गुणिले १२ म्हणजे १४४, त्याची दुप्पट २८८. एका तासात २८८! १०० ची रेषा साधारण २१ मिनिटांत ओलांडली जाते आणि ४०० ची सव्वा तास उलटून काही मिनिटांत. ९ आकड्याचं हॅमर ड्रिल तासाला १६२ गुण देतं, म्हणजे ३७ मिनिटांत १०० आणि अडीच तासांत ४००. तेच ५ आकड्याचा ग्राइंडर तासाला फक्त ५० देतो. कोणी अर्धा तास हॅमर ड्रिल आणि दीड तास हा ग्राइंडर चालवला, तर ८१ अधिक ७५, दिवसाचे १५६.

मला यातलं वर्गाचं गणित सगळ्यात डोळे उघडणारं वाटलं. कंपन दुप्पट झालं तर वेळ निम्मा करून भागत नाही, पाव करावा लागतो. उलट बाजूनं बघा. मशीनचं कंपन निम्मं केलं, तर तोच माणूस तेवढ्याच धोक्यात चौपट वेळ काम करू शकतो. चांगलं मशीन घेण्याचा आणि ते नीट ठेवण्याचा खर्च इथं वसूल होतो.

वेळ मोजायचा तो फक्त बटण दाबलेला वेळ. "मी दिवसभर ग्राइंडर चालवतो" म्हणणाऱ्या माणसाचं मशीन प्रत्यक्षात बऱ्याचदा तीन-साडेतीन तासच चालू असतं. बाकीचा वेळ जॉब उचलण्यात, फिरवण्यात, डिस्क बदलण्यात जातो. एखाद्या दिवशी सोबत्याला घड्याळ लावून मोजायला सांगा. १०० च्या आत राहिलं म्हणजे काहीच होणार नाही अशी हमी नाही, पण आपण कुठं उभे आहोत ते तरी कळतं.

हातमोजे घातले की झालं ना?

काउंटरवर सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि गैरसमजही इथंच सगळ्यात मोठा. बाजारात 'अँटी-व्हायब्रेशन' लिहिलेले जेलचे हातमोजे मिळतात. ज्या आंतरराष्ट्रीय मानकानं ते तपासतात, त्यात मध्यम गतीचं कंपन दहा टक्के कमी झालं तरी हातमोजा पास होतो. फक्त वेगवान, बारीक कंपन त्याला चाळीस टक्के अडवावं लागतं. ब्रेकर मिनिटाला हजार-दोन हजार ठोके मारतो, म्हणजे सेकंदाला वीस-तीस. इतके संथ आणि जड ठोके जेलच्या थरातून आरपार जातात. शिवाय जाड हातमोज्यात मशीन निसटतंय असं वाटतं, म्हणून माणूस जास्त घट्ट धरतो. पकड जितकी घट्ट, तितकं कंपन हातात जास्त शिरतं.

हातमोजे घालूच नका असं मी म्हणत नाही. चटका, कापणं आणि मुख्य म्हणजे थंडी यांच्यासाठी ते हवेतच. पण ते घातले म्हणून ब्रेकरवरची मिनिटं वाढवू नका. आणि फिरत्या ड्रिलजवळ ढगळ हातमोजा नको, तो बिटात अडकून मनगट पिरगाळतो.

मशीन गरजेपेक्षा जास्त का थरथरतं

हा माझ्या रोजच्या कामाचा भाग, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

दुरुस्त झालेला ग्राइंडर मी दोन्ही हातांनी सैल धरून, काहीही न घासता काही सेकंद चालवून बघतो. चांगलं मशीन हातात गुणगुणतं. खराब मशीन चावतं. याहून चांगला शब्द मला सापडलेला नाही. चार इंची ग्राइंडर मिनिटाला अकरा हजारांच्या आसपास फेरे घेतो. त्या वेगात बेअरिंगमधला केसाएवढा सैलपणाही मोठा होतो. आतल्या फ्लँजवर, म्हणजे डिस्क बसते त्या चकतीवर, घासलेल्या धातूचा कीस चिकटलेला असला तर डिस्क तिरकी बसते. तो फडक्यानं पुसायला दहा सेकंद लागतात. दर दोन-तीन मशीनमागे एकात तरी मला तो कीस दिसतो. एका बाजूनं जास्त झिजलेली डिस्क पैसे वाचवायला शेवटपर्यंत वापरतात. तिनं वाचवलेले दहा-वीस रुपये मनगटातून जातात.

आणि साइड हँडल! दुरुस्तीला येणाऱ्या ग्राइंडरना ते बहुतेक नसतंच. "अडतं म्हणून काढून ठेवलंय." ते नसलं की सगळा भार एका हातावर येतो आणि दुसरा हात थेट गिअरच्या गरम डोक्यावर, जिथं कंपन सगळ्यात जास्त. नवं साइड हँडल स्वस्तात मिळतं. मी तर दुरुस्तीच्या बिलात ते धरूनच देतो. काही जण रागावतात, तरी देतो.

ब्रेकरची गोष्ट वेगळी. आपला नाशिकचा दगड म्हणजे काळा पाषाण, बेसॉल्ट, महाराष्ट्रातल्या सगळ्यात कठीण दगडांपैकी. बोथट छिन्नी त्याच्यावर नुसती नाचते. ती नाचते म्हणून पोरं मशीनवर पोट टेकवून ओणवी होतात. चांगल्या ब्रेकरच्या हँडलमध्ये स्प्रिंग किंवा रबर असतं, कंपन गिळायला. पोटानं दाबलं की ती स्प्रिंग पूर्ण बसते, आणि बसलेली स्प्रिंग काहीच गिळत नाही. म्हणजे कंपन कमी करणाऱ्या मशीनचे पैसे मोजले आणि दाबून तो भाग बंद करून टाकला. मशीनचं वजन मशीनला काम करू द्या. हातानं फक्त दिशा द्यायची. छिन्नीला वेळच्या वेळी धार लावून घ्या, आणि हँडलचं रबर दगडासारखं कडक झालं असेल तर बदला.

हवेवर चालणाऱ्या ग्राइंडरची आणि टायरच्या दुकानातल्या नट खोलायच्या गनची आणखी एक खोड. दाबाखालची हवा बाहेर पडताना गार होते. तो गार झोत बोटांवर येत असेल तर कंपन आणि थंडी दोन्ही एकाच जागी. झोताची दिशा फिरवता येत असेल तर फिरवून घ्या.

आपल्याकडे कुठं एवढी थंडी असते?

उष्ण देशांतल्या कामगारांत पांढरी बोटं कमी दिसतात, हे खरं आहे. पण मुंग्या, बधिरपणा आणि सुटलेली पकड तिथंही दिसते, कारण नसांना थंडीची गरज लागत नाही. आणि नाशिकला गरम म्हणणाऱ्यानं डिसेंबरात पहाटे निफाडला उभं राहून बघावं. महाराष्ट्रातल्या नीचांकी तापमानाची बातमी दर हिवाळ्यात बहुधा तिथूनच येते. सकाळी दुचाकीवर उघड्या हातांनी वीस मिनिटं कामावर यायचं आणि आल्या आल्या गार लोखंडी मशीन धरायचं, ही बोटांसाठी सगळ्यात वाईट सुरुवात. गाडीवर हातमोजे घाला. आधी चहा घ्या, हात चोळून गरम करा, मग बटण दाबा.

तंबाखूबद्दल बोललं की लोक विषय बदलतात, तरी सांगतो. निकोटिन याच बारीक रक्तवाहिन्या आवळतं. ब्रेकर खाली ठेवून घेतलेल्या विश्रांतीत बिडी ओढली किंवा तंबाखू मळली, तर बोटांना ती विश्रांती मिळतच नाही.

आमच्या वडिलांनी आयुष्यभर हेच केलं, त्यांना काही झालं नाही

सगळ्यांना होत नाही, हे बरोबर आहे. पण वडिलांच्या काळी घण आणि छिन्नी होती. माणूस दमला की हत्यार थांबायचं. आता मशीन दमत नाही, त्यामुळे माणसाच्या दमण्याला कोणी विचारत नाही. आणि खरंच काही झालं नव्हतं का, तेही एकदा विचारा. म्हातारपणी बटण लागत नाही, ग्लास निसटतो, याला घरात सगळे 'वय झालं' म्हणून मोकळे होतात.

मुंग्या येऊ लागल्याच असतील तर

मशीनवरची मिनिटं लगेच कमी करा आणि डॉक्टरकडे जा. जाताना तीन गोष्टी सांगायच्या: कोणतं मशीन, दिवसाला किती वेळ, किती वर्षं. हे आपण सांगितलं नाही तर डॉक्टरांना कळणार कसं? मुंग्या मधुमेहानं येतात, मानेच्या मणक्यानं येतात, बी-१२ कमी असल्यानंही येतात. मनगटात नस दबल्यानंही येतात, आणि तो त्रास याच कामानं वाढतो. म्हणून तपासणी हवीच. नुसतं तेल चोळून वाट बघू नका. बोट पांढरं पडलं की त्याच क्षणी मोबाइलवर फोटो काढून ठेवा, कारण दवाखान्यात पोचेपर्यंत ते पुन्हा लाल झालेलं असतं आणि दाखवायला काहीच उरत नाही. फाउंड्रीच्या दादांना मी हेच सांगितलं होतं. त्यांच्या फोटोतली ती रेघ बघितल्यावर डॉक्टरांनी पहिला प्रश्न कामाचा विचारला.

थांबलो तर हजेरी कोण देणार?

हा खरा प्रश्न आहे, आणि याचं उत्तर कामगाराच्या एकट्याच्या हातात नाही. नगावर किंवा किलोवर पैसे मिळतात तिथं थांबणं म्हणजे स्वतःच्या खिशात हात घालणं. म्हणून हा भाग मालक आणि ठेकेदार मंडळींसाठी. मिनिटं कमी करायची म्हणजे काम कमी करायचं असं नाही. मशीनवर माणसं आलटून पालटून लावायची. मोठा भाग जेसीबीला ब्रेकर लावून फोडता येत असेल तर हाताच्या ब्रेकरला फक्त कडा ठेवायच्या. फाउंड्रीत साचा नीट बंद झाला तर जॉबवर कडच कमी येते आणि फेटलिंगचा निम्मा त्रास तिथंच संपतो. बेडफर्डला साठ वर्षं जे झालं नाही ते आपल्याकडे व्हायला कायद्याची वाट बघायची गरज नाही.

गंगापूर रोडला एका लहान ठेकेदाराकडे तीन पोरं आहेत, ब्रेकर एकच. त्यांचा ब्रेकर माझ्याकडे छिन्नी अडकली म्हणून आला होता. तेव्हा मी त्यांना हा गुणांचा हिशेब पाटीवर मांडून दाखवला. त्याआधी एकच पोरगा सकाळभर फोडायचा, कारण त्याचा हात चांगला होता, आणि दोघं मलबा उचलायचे. आता एक जण फोडतो, एक घमेली भरतो, एक ओततो. दर पंधरा मिनिटांनी ठेकेदाराच्या खिशातला मोबाइल वाजतो आणि जागा बदलतात. दिवसाचा मलबा पहिल्याएवढाच निघतो, असं ठेकेदारानं मला परवा सांगितलं. ज्याचा हात चांगला होता तो पोरगा शेजारीच उभा होता. रात्री झोपेत आता जाग येत नाही, असं तो म्हणाला.